माऊस अडखळतो हे सांगितलंत, बरं झालं

प्रश्न : जूनमध्ये मी पंचावन्न हजारांचा नवा लॅपटॉप घेतला. शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, प्रशिक्षणाच्या मीटिंगा, निकालपत्रकं हे सगळं मी रात्री घरी बसून करते. घरात फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. त्याच खोलीत, त्याच टेबलाशी माझ्या फोनवर ९० च्या आसपास स्पीड येतो आणि लॅपटॉपवर ५ किंवा ६. मीटिंग चालू असली की आवाज तुटतो, मध्येच वायफाय जातं आणि अर्ध्या मिनिटानं परत येतं. लॅपटॉपचे दुकानदार म्हणतात राउटर जुना झालाय, साडेतीन हजारांचा नवा बसवा. नेटवाले म्हणतात लाइन ठीक आहे, दोष लॅपटॉपमध्ये आहे, हवं तर ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. दीड महिना मी या दोघांच्या मध्ये हेलपाटे घालतेय. दुकानात नेऊन विंडोजही नव्यानं टाकून आणलं, फरक काही नाही. माझं कुठं चुकतंय?
ता. क. वायरलेस माऊसही हल्ली अडखळतो. तोही नवा घ्यावा का?
— प्राथमिक शिक्षिका, कऱ्हाड

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. उलट शेवटची ती माऊसची ओळ तुम्ही लिहिलीत म्हणून मला धागा मिळाला. ती नसती तर मीही तुम्हाला चार ठिकाणी फिरवलं असतं.

वायरलेस माऊसचं ते छोटं बटणाएवढं रिसीव्हर आणि घरातलं साधं वायफाय, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात. ब्लूटूथही तिथंच. माऊस आणि वायफाय एकाच वेळी बिघडले, तर दोन वस्तू एकदम खराब झाल्या असं मी सहसा धरत नाही. त्या दोघांच्या वाटेत तिसरं कुणीतरी आलंय का, ते आधी बघते. म्हणून मी तुम्हाला फोनवर विचारलं, की काम करताना टेबलावर काय काय असतं? तुम्ही सांगितलंत: लॅपटॉप, माऊस, कानात ब्लूटूथचे इअरफोन, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांचे सगळे फोटो असलेली पोर्टेबल हार्ड डिस्क, जी कायम लावलेलीच असते. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला, आखूड वायरीनं, अगदी कडेला चिकटून. माऊसचं रिसीव्हर तिच्या शेजारच्याच खाचेत.

त्यानंतर तीन रात्री तुम्ही माझ्या सांगण्यावरून एकेक गोष्ट करून बघितलीत आणि आकडे वहीत लिहून पाठवलेत. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंची वही ती, तारीख-वेळेसकट! त्या वहीमुळेच हे उत्तर इतकं ठामपणे लिहिता येतंय. इतर वाचकांनाही उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमानं सांगते.

पहिल्या रात्री आपण फक्त एवढंच शोधलं, की दुखणं घरात आहे की घराबाहेर. स्पीड टेस्टनं हे कळत नाही. तुमचा लॅपटॉप ते राउटर, राउटर ते नेटवाल्यांचं केंद्र आणि तिथून पुढचं जग, अशा तिन्ही टप्प्यांची ती एकत्र बेरीज दाखवते. आपल्याला पहिला टप्पा सुटा बघायचा होता. त्यासाठी विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडायची, पी-आय-एन-जी (पिंग) ही चार अक्षरं लिहायची, जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि टी. पत्ता राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो. तुमच्याकडे तो १९२.१६८.१.१ होता. लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारतो आणि ओ यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत दाखवतो. घरातल्या घरात तो आकडा साधारण २ ते १० च्या दरम्यान असायला हवा. तुमच्याकडे ४, ५, मग एकदम ३८०, मग ९००, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", म्हणजे हाकेला ओच आली नाही. पंधरा फुटांवरच्या राउटरशी बोलताना ही अवस्था, तर त्याच्या पलीकडची लाइन कितीही चांगली असली तरी काय उपयोग? म्हणजे नेटवाले म्हणत होते ते इतपत खरं होतं. पण ३०० चा प्लॅन घेऊन एक रुपयाचाही फरक पडला नसता. नळाची तोटी गंजलेली असताना टाकी मोठी बांधायची, तसं झालं असतं.

दुसऱ्या रात्री पिंग चालू ठेवूनच तुम्ही हार्ड डिस्क काढलीत. काळ्या खिडकीतले आकडे पाहता पाहता खाली आले: ५, ६, ४, ७. माऊस सरळ चालायला लागला. स्पीड ६ वरून ३१ वर गेला. डिस्क परत लावली आणि एक फोल्डर कॉपी करायला टाकलं की पुन्हा तेच.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. निळ्या जिभेची जी यूएसबीची खाच असते तिला यूएसबी ३ म्हणतात. तिच्यातून माहिती सेकंदाला ५ अब्ज बिट इतक्या वेगानं पळते. इतक्या वेगानं वायरीत वीज चालू-बंद होत असली की वायर आणि तिचं टोक स्वतःच बारीकसा रेडिओ गोंगाट हवेत सोडतात, आणि तो गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरलेला असतो. इंटेल कंपनीनं २०१२ साली यावर एक तांत्रिक निबंधच प्रसिद्ध केला होता. म्हणजे हे गुपित नाही. तरीही आजवर माझ्याकडे आलेल्या एकाही गिऱ्हाइकाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. डिस्कच्या वायरीवरचं आवरण हलक्या प्रतीचं असेल तर त्रास जास्त. लॅपटॉपचे वायफायचे अँटेना पडद्याच्या कडेला किंवा बिजागरीजवळ असतात, डिस्क वीतभर अंतरावर. त्यात राउटर पंधरा फूट लांब, मध्ये विटांची भिंत. कानाशी मिक्सर चालू असताना शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येईल का?

मी स्वतः हे शिकले ते एका चुकीतून. सांगलीत गणपती पेठेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी हिशेब लिहिणारे एक काका नवा लॅपटॉप घेऊन आले, तक्रार हीच. माझ्या टेबलावर दिवसभर चाचणी घेतली, कधी चाले, कधी नाही असं वाटलं, आणि शेवटी वायफायचं कार्ड बदलून दिलं. चौदाशे रुपये घेतले. आठ दिवसांनी काका परत आले. या वेळी मी त्यांच्या घरी गेले, तर लॅपटॉपशेजारी गिऱ्हाइकांच्या फाइलींची हार्ड डिस्क होती. माझ्या टेबलावर ती नव्हती म्हणून मला खरं कारण दिसलं नव्हतं. पैसे परत केले, पण काकांचे मार्चअखेरचे आठ दिवस गेले ते मला परत करता आले नाहीत. तेव्हापासून दुकानात येणाऱ्याला मी सांगते, नुसता लॅपटॉप आणू नका, त्याला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा.

आता तिसरी रात्र. डिस्क काढूनही लॅपटॉप ३१ वर आणि फोन ९० वर, हे अंतर का राहिलं? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, आणि तिथं जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडल्या की खाली नेटवर्क बँड लिहिलेला असतो. तुमचा होता २.४. फोन होता ५ गिगाहर्ट्झवर. तुमच्या राउटरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक शेवटी "५जी" लावलेलं. तुम्ही म्हणालात, "ते मोबाईलच्या ५जी साठी असेल असं वाटलं म्हणून लॅपटॉपवर लावलं नाही." ताई, दहातली सात माणसं हेच समजतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. नाव देणाऱ्यांनीच घोळ करून ठेवलाय. राउटरवरचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, दुसरा रेडिओ पट्टा. मोबाईल कंपनीच्या ५जी शी त्याचा काडीचा संबंध नाही.

२.४ चा पट्टा अरुंद आहे. आपल्याकडे त्यात १ ते १३ असे चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना धक्का न लावता शेजारी-शेजारी चालू शकतील असे तीनच: १, ६ आणि ११. तुमच्या अपार्टमेंटमध्ये तुम्हाला यादीत सतरा वायफाय दिसली. सतरा घरं आणि तीन वाटा. ५ गिगाहर्ट्झमध्ये वाटा बऱ्याच जास्त आहेत आणि यूएसबीचा तो गोंगाटही तिथं आड येत नाही. त्याची एकच उणीव, भिंती ओलांडताना तो लवकर दमतो. पण तुमचा फोन त्याच टेबलाशी ९० घेतोय, म्हणजे तिथपर्यंत तो पोचतो हे सिद्धच आहे. लॅपटॉप त्यावर घेतल्यावर तुम्ही लिहिलेला आकडा ८४.

लॅपटॉप आपलं आपण पुन्हा जुन्या नावाला चिकटू नये म्हणून साधं नाव "फरगेट" करून टाका. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असलेले राउटरही असतात. तसं असेल तर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, वायफायचं कार्ड, ॲडव्हान्स्ड या वाटेनं जाऊन "प्रेफर्ड बँड" मध्ये ५ निवडता येतं. सगळ्या कार्डांत ही सोय नसते, दिसली तर वापरा. तिथंच शेजारी पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असला, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण काढून टाका. बसल्या जागी वायफाय जाऊन अर्ध्या मिनिटानं येणं, यामागे पुष्कळदा ती खूण असते. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हा टॅबच नसतो. नसेल तर शोधत बसू नका.

इअरफोनचंही सांगते. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. वायफाय २.४ वर आणि ब्लूटूथवरून मीटिंगचा आवाज, त्यातही इअरफोनचाच माइक, म्हणजे एकाच दारातून दोघांनी आळीपाळीनं जायचं. मीटिंगमध्येच जास्त तुटायचं ते यामुळे. वायफाय ५ वर गेलं की हा ताण बराच उतरतो. महत्त्वाच्या प्रशिक्षणाला मात्र मी तुमच्या जागी असते तर साधा वायरवाला हेडफोन वापरला असता.

डिस्क फेकायची नाही. मीटर-दीड मीटरची जाड, चांगल्या आवरणाची वायर घ्या, डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि काम नसेल तेव्हा काढून ठेवा. ती काढून ठेवणं फोटोंच्या दृष्टीनंही बरं. माऊसचं रिसीव्हर उजवीकडच्या खाचेत घाला. माऊस नवा घ्यायची गरज नाही. राउटरही नको, प्लॅनही नको. फक्त राउटर टीव्हीच्या मागून काढून शोकेसच्या वर ठेवा. टीव्हीच्या पाठीला धातूचा पत्रा असतो, आणि पत्र्यातून लहरी पार होत नाहीत, उलट फिरतात.

एक गोष्ट मनाला लागली ती लिहिते. विंडोज नव्यानं टाकताना तुमची दोन वर्षांची प्रश्नपत्रिकांची फाइल गेली, असं तुम्ही सहज लिहिलंत. वायफाय हळू आहे म्हणून विंडोज पुसायची घाई कुणी करत असेल तर त्याला थांबवा. तो शेवटचा उपाय आहे, आणि तोही सगळं दुसरीकडे उतरवून घेतल्यावर. ती प्रश्नपत्रिकांची फाइल मेलनं कुणा सहकाऱ्यांना पाठवली होती का, ते "सेंट" मध्ये एकदा शोधा.

प्रश्न : १०० चं कनेक्शन आहे, पण नव्या लॅपटॉपवर सिनेमा किंवा फाइल उतरवताना ११-१२ च्या वर आकडा जात नाही. फसवणूक होतेय का?
— वाचक, जालना

उत्तर : नाही. कनेक्शन मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, साडेबारा. तुम्हाला पुरतं मिळतंय.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्यानं तिथूनच माझ्यासाठी लॅपटॉप आणला. आमचं घर दापोलीजवळ, जांभ्याच्या भिंतींचं. आमच्या दोघांच्या फोनला वायफाय नेहमी दिसतं. लॅपटॉपला मात्र कधी दिसतं, कधी यादीत नावच नसतं. नाव नसलं की पुढं चार-चार दिवस नसतं. वीज जाऊन आली की एखादवेळ आपोआप दिसायला लागतं. मुलाला सांगितलं तर तो म्हणतो, इथं तर व्यवस्थित चालत होता. नातीला बघायचं म्हणजे फोनचा एवढासा पडदा, हिला दिसत नाही.
— निवृत्त पोस्टमास्तर, दापोली तालुका

उत्तर : काका, तुम्ही "वीज जाऊन आली की" असं लिहिलंत तिथंच मला उत्तर दिसलं. मुलगा म्हणतो तेही खरं आहे, तिथं तो चालतच असणार.

वरच्या उत्तरात मी चॅनेलांचं लिहिलंय. भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनेल चालतात. अमेरिकेत व्यवहारात १ ते ११ च वापरतात, आणि तिथं विकायला बनवलेल्या काही लॅपटॉपांना १२ आणि १३ या चॅनेलांकडे बघायचंच नाही असं आतून सांगून ठेवलेलं असतं. आपले बरेच राउटर चॅनेल "ऑटो" वर असतात. वीज गेली, आली, राउटर नव्यानं सुरू झाला की तो आजूबाजूची गर्दी बघून एखादा चॅनेल निवडतो. त्यानं ३ निवडला तर लॅपटॉपला दिसतो. १३ निवडला तर फोनला दिसतो, कारण फोन इथलेच. लॅपटॉपच्या दृष्टीनं मात्र तो राउटर घरात नाहीच. पुढची वीज जाईपर्यंत राउटर बहुधा त्याच चॅनेलवर बसून राहतो, म्हणून चार-चार दिवस.

५ गिगाहर्ट्झचं नाव तरी दिसायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण जांभ्याची हातभर जाड भिंत आणि पावसाळ्यात ती ओलही धरते. ओटीवरच्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झ माजघरातच संपत असणार. तुम्ही लॅपटॉप मागच्या खोलीत लावता, तिथं पोचतो तो २.४ च.

काम पाच मिनिटांचं आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की त्याच्या सेटिंगचं पान उघडतं, तिथं २.४ च्या खाली चॅनेल "ऑटो" आहे तिथं ६ करायचा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ६ वर शेजाऱ्यांची गर्दी असेल तर १ किंवा ११. तुम्हाला ते पान उघडणं जड वाटत असेल, तर नेटवाल्याचा मुलगा पैसे न्यायला येईल तेव्हा त्याला ही मासिकाची ओळ दाखवा: "२.४ चा चॅनेल ऑटोवरून काढून ६ वर कायम करून दे." त्याला कळेल. लॅपटॉपमध्ये काही बदलायला लागणार नाही, आणि देश बदलण्याचे कसले प्रोग्रॅम नेटवरून उतरवून घेऊ नका.

आणखी एक. वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस बसवून घ्या. राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलेत ते दुकानात सांगा, तेवढाच किंवा अँपिअरनं जास्त चालतो, व्होल्ट मात्र तोच हवा. नातीशी बोलताना मध्येच वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे, राउटरही चालू राहील. नेटवाल्यांकडची वीज टिकली तर बोलणं तुटणार नाही.

प्रश्न : आम्ही पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून चौदा मुलं एका फ्लॅटमध्ये राहतो, एकच राउटर हॉलमध्ये. मी स्पर्धा परीक्षेच्या ऑनलाइन तासांसाठी नवीन लॅपटॉप घेतला, वायफाय ६ वाला. खोक्यावर खूप मोठा स्पीड लिहिलाय. रात्री ९ ते १२ मध्ये व्हिडिओ गोल फिरत बसतो. लॅपटॉप परत करू का? बदलून द्यायची मुदत पाच दिवसांवर आलीय.
— विद्यार्थी, मूळ गाव परभणी

उत्तर : मुदत जवळ आहे म्हणून तुझं उत्तर मी आधी मेलनं पाठवलं होतं, इथं बाकीच्यांसाठी देते. उद्या पहाटे साडेपाचला उठ, सगळे झोपलेले असताना त्याच जागी तोच तास लावून बघ, असं मी लिहिलं होतं. तू लिहिलंस, "एकदाही अडकला नाही." मग लॅपटॉप चांगला आहे. परत करू नकोस.

वायफाय म्हणजे एका खोलीतली एकच बोलण्याची जागा. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहून वाट बघायची. चौदा मुलं, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, म्हणजे पंचवीस-तीस जण रांगेत. आणि जो लांबच्या खोलीत, दोन भिंतींआड बसलाय, त्याचा सिग्नल क्षीण असल्यामुळे तो सावकाश बोलतो. तेवढीच माहिती घ्यायला तो दहापट वेळ अडवून धरतो. त्याच्यामुळं राउटरच्या शेजारी बसलेल्याचंही नेट हळू होतं. तुझं कार्ड कितीही नवं असो, रांग त्याला मोडता येत नाही. वायफाय ६ मध्ये गर्दी सांभाळायच्या चांगल्या युक्त्या आहेत, पण त्या राउटरही त्याच पिढीचा असेल तरच लागू पडतात. खोक्यावरचा आकडा तर हवेतला कमाल वेग आहे, तोही तुमच्या घरात येणाऱ्या लाइनच्या कितीतरी पुढचा.

घरमालकांकडे सगळे मिळून जा. रिपीटर मागू नका. साधा रिपीटर ऐकलेलं तेच पुन्हा त्याच हवेत बोलतो, म्हणजे रांग आणखी वाढते. आतल्या खोल्यांच्या बाजूला दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा आणखी एक डबा, मागा, आणि तो राउटरला केबलनं जोडलेला हवा यावर अडून बसा. ते होईपर्यंत तुझ्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत एक लॅनची केबल भिंतीच्या कडेनं ओढून घे. लॅपटॉपला खाच नसेल तर यूएसबीचा जोड हजारेक रुपयांत मिळतो. केबलवर हवेतली रांग नाही. लाइनच अपुरी पडली तर गोष्ट वेगळी, पण चौदा जणांत ती अपुरी पडायच्या आधी हवा अपुरी पडते, असाच माझा अनुभव आहे. आणि तास रेकॉर्ड केलेले असतील तर ते पहाटे उतरवून ठेव. आईवडिलांनी कर्ज काढून लॅपटॉप घेऊन दिलाय असं तू लिहिलं होतंस. तो नीट आहे, हे त्यांना फोन करून सांग.

प्रश्न : चार महिन्यांचा लॅपटॉप. आधी वायफाय सगळ्या घरात चालायचं, वरच्या गच्चीवरसुद्धा. मेमरी वाढवून घेतल्यापासून राउटरच्या खोलीतच चालतं, बाहेर पडलं की एकच कांडी. ड्रायव्हर तीनदा नवा टाकला.
— वाचक, सोलापूर

उत्तर : ड्रायव्हरला आता हात लावू नका. लॅपटॉप उघडला होता, आणि त्या दिवसापासून रेंज गेली, ही खूण स्पष्ट आहे. वायफायच्या कार्डाला दोन केसासारख्या बारीक वायरी जोडलेल्या असतात, बहुतेक एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी. त्या पडद्याकडे जाऊन अँटेनाला मिळतात. वायरींची टोकं मोहरीपेक्षा थोडी मोठी, नुसती दाबून बसवलेली. मेमरी घालताना हाताचा धक्का लागून एखादी निघाली की कार्ड चालू राहतं, राउटर जवळ असला तर स्पीडही बरा येतो, पण लांबचं ऐकू येत नाही. म्हणूनच दुकानातल्या टेबलावर, राउटरच्या शेजारी, त्यांना सगळं ठीक दिसणार. "इथं तर चालतंय" म्हणाले तर लॅपटॉप घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर चला आणि तिथं दाखवा. शेजारी तुमचा फोन धरा, त्याच वायफायवर.

घरी उघडून बघू नका. ती टोकं अगदी थोड्याच वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेली असतात, तिरकी दाबली तर कार्डावरची खाच वाकते आणि मग कार्डच बदलावं लागतं. ज्यांनी मेमरी घातली त्यांच्याकडेच जा, आणि तुमच्यासमोर झाकण काढायला सांगा. याचे पैसे त्यांनी मागायला नकोत. वायर खाचेवर सरळ धरून बोटानं दाबली की टक असा बारीक आवाज येतो. दोन्ही वायरींचा तो आवाज ऐका, मग झाकण लावू द्या.